‘लक्ष कुठे होतं?’

उत्तरायण होऊन चार दिवस झाले होते. सुरतेजवळच्या सचिन गावातल्या आमच्या गल्लीत विजेच्या तारांवर फाटके पतंग अजून फडफडत होते, गटाराच्या कडेला गुलाबी दोऱ्याचे गुंते पडले होते. समोरच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर एका दारापाशी सहा-सात बायका जमल्या होत्या. आत खाटेवर सहा वर्षांचा मुलगा हाताला प्लास्टर घेऊन बसला होता. जिन्यावरच्या खोलीच्या स्लॅबवर अडकलेला पतंग काढायला तो चढला आणि तिथून खाली गच्चीत पडला. मनगट मोडलं. भेटायला येणाऱ्यांनी केळी आणली होती, बिस्किटं आणली होती. दाराबाहेर भिंतीला टेकून त्याची नऊ वर्षांची बहीण उभी होती. आत जाणारी प्रत्येक बाई तिच्यापाशी क्षणभर थांबायची आणि एकच प्रश्न विचारायची, ‘तुझं लक्ष कुठे होतं?’

मीही केळी घेऊनच गेले होते. तो प्रश्न कानावर पडला आणि माझे पाय उंबऱ्यातच थांबले. कारण हाच प्रश्न मला तीस वर्षांपूर्वी याच गावात, याच दिवसांत, आमच्या अहिराणीत विचारला गेला होता : ‘तुनं ध्यान कथा व्हतं?’ तेव्हा मी दहा वर्षांची होते. उत्तर मला येत होतं, पण ते ऐकायला कुणी थांबलं नाही. म्हणून आता लिहिते आहे.

आधी समोरच्यांचं म्हणणं जसंच्या तसं मांडते. ते म्हणतात : दोघं भावंडं गच्चीवर असतील तर थोरल्यानं धाकट्याकडे बघायचं, यात सांगायचं ते काय? मोठी बहीण म्हणजे दुसरी आई. अशानंच मुलं जबाबदार होतात. आम्हीही असेच वाढलो, कडेवर भावंडं घेऊन खेळलो, आम्हाला काय झालं? आणि आईबाप बारा-बारा तास राबतात, त्यांनी आणखी कुठे कुठे बघायचं? दोन शब्द बोललं तर पुढच्या वेळी पोर सांभाळून वागेल. एवढ्या-तेवढ्यावरून मनाला लावून घ्यायचं काय?

हे सगळं माझ्या आईनं म्हटलं आहे, मावशीनं म्हटलं आहे, शेजारणींनी म्हटलं आहे. वाईट माणसं नव्हती ती. पण त्यांच्या या म्हणण्यातलं एकही वाक्य मला मान्य नाही. का, ते सांगण्याआधी माझ्या बाबतीत काय घडलं ते सांगते.

१९९४च्या सप्टेंबरात सुरतेत प्लेगची साथ आली आणि अर्धं शहर गाड्यांना लटकून पळालं. आम्ही भुसावळ लाइनीच्या गाडीनं अमळनेरकडच्या आमच्या गावी गेलो. परत आलो तोवर दिवाळी होऊन गेली होती आणि घरात उसनवारी झाली होती. वडील लूम्सच्या खात्यात, म्हणजे कारखान्यात, संचे चालवायचे, आई दुसऱ्या खात्यात बॉबिन भरायची. बुडालेले पगार भरून काढायचे म्हणून त्या हिवाळ्यात दोघांनीही सुट्टी म्हणून घेतली नाही. जानेवारीतला पहिला रविवार. शाळेला सुट्टी होती, खात्याला नव्हती. आई निघताना मला दोन गोष्टी सांगून गेली : खिचडी झाकून ठेव आणि भावाकडे बघ. मी दहाची, तो आठचा. आमच्यातलं अंतर वीस महिन्यांचं.

आमची खोली होती त्या इमारतीला दोन मजले झाले होते, तिसरा व्हायचा होता. वरच्या स्लॅबच्या चारही कोपऱ्यांना पुढच्या मजल्यासाठी सोडलेल्या सळया उभ्या होत्या आणि कडेला कठडा नव्हता. विटांची एक ओळसुद्धा नव्हती. जिन्याच्या तोंडाला दार नव्हतं. हीच आमची अगाशी. अख्ख्या गल्लीतली पोरं तिथं पतंग उडवायची, कारण दुसरीकडे आभाळ दिसेल अशी मोकळी जागा नव्हतीच.

पतंग भाऊ उडवत होता, फिरकी मी धरली होती. मुलींनी फिरकी धरायची, हा रिवाज मला कुणी शिकवावा लागला नव्हता. आता फिरकी धरणं म्हणजे काय, हे ज्यांनी कधी धरली नाही त्यांना सांगायला हवं. उडवणारा ढील देतो तेव्हा फिरकी तळव्यांत सैल ठेवायची, दोरा झरझर सुटला पाहिजे. तो खेंचायला लागला की ओढलेला दोरा जमिनीवर त्याच्या पायांपाशी वेटोळी घालत पडतो. ती वेटोळी लगेच गुंडाळून घेतली नाहीत तर गुंता होतो, पायात अडकतो, आणि काच लावलेला मांजा असेल तर बोट कापतो. म्हणून पतंग काटला की उडवणारा ओरडतो ‘लपेट!’ आणि फिरकीवालीची मान खाली जाते. तिनं वर बघायचं नसतं. उडवणाऱ्याची मान वर असते, पाऊल मागे पडत असतं, आणि त्यानं खाली बघायचं नसतं. हा खेळच असा आहे की त्यातल्या दोघांपैकी एकालाही स्लॅबची कड दिसत नाही.

त्या दिवशी भावानं एक मोठा पतंग काटला. आख्खी गल्ली ओरडली. तो म्हणाला, ‘लपेट, लपेट!’ मी गुंडाळायला लागले. सात-आठ वेढे झाले असतील. दोरा एकदम सैल आला. मी मान वर केली तर समोर नुसती अगाशी होती आणि सळया होत्या.

शेजारच्या पत्र्यावर पडून तो तिथून खाली बोळात घसरला. पत्र्यानं वाचवलं. उजव्या हाताचं कोपर मोडलं, हनुवटीला टाके पडले. तेव्हा १०८ची रुग्णवाहिका नव्हती, ती गुजरातेत २००७ साली आली. कुणीतरी रिक्षात घालून सुरतेला नेलं. कोपर बसवलं गेलं, पण हात आजही पूर्ण सरळ होत नाही. संध्याकाळी वडील आले, फिरकी उंबऱ्यावर आपटून मोडली आणि मला तो प्रश्न विचारला. मी म्हणाले, ‘फिरकीवर.’ त्यावर थोबाडीत बसली, कारण ते उलट उत्तर वाटलं.

ते उलट उत्तर नव्हतं. विचारलेल्या प्रश्नाचं ते खरं आणि पूर्ण उत्तर होतं.

आता त्यांच्या म्हणण्याकडे येते. ‘मोठी होतीस ना?’ कुणापेक्षा? भावापेक्षा वीस महिन्यांनी. दहा वर्षांच्या मुलीचं मोठेपण तिच्या शेजारी आठ वर्षांचा मुलगा उभा केला की दिसतं. आईबापांशेजारी उभी केली तर ती आठ वर्षांच्या मुलाएवढीच लहान असते. ती एकुलती एक असती आणि तीच पडली असती तर याच बायका म्हणाल्या असत्या, एवढ्याशा पोरीला वर एकटी सोडली कशी? मग भाऊ सोबत आहे एवढ्या कारणानं तिची अक्कल दुप्पट झाली का?

या बाबतीत आपला कायदा आपल्या घरांपेक्षा फार शहाणा आहे. सात वर्षांखालच्या मुलाच्या हातून काहीही घडलं तरी तो गुन्हा ठरत नाही, आणि सात ते बारा वयाच्या मुलाला आपण काय करतो आहोत हे कळण्याइतकी समज आलेली नसेल तर तोही दोषी नाही. १८६०च्या दंड संहितेत हे होतं आणि आताच्या न्याय संहितेतही ते तसंच ठेवलं आहे. १९५६चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा तर सांगतो की अज्ञान, म्हणजे अल्पवयीन, व्यक्तीला दुसऱ्या अल्पवयीनाच्या मालमत्तेचं पालक होताच येत नाही. म्हणजे आमच्या गावाकडची अर्धा एकर जमीन भावाच्या नावावर असती, तर ती सांभाळायला मी अपात्र ठरले असते. जमिनीसाठी जी अपात्र, ती त्याच्या जिवासाठी पात्र कशी ठरली? कुणी ठरवली? खिचडी झाकायला सांगता सांगता?

‘मोठी बहीण म्हणजे दुसरी आई.’ हे वाक्य ऐकायला इतकं गोड आहे की त्यातला सौदा लक्षात येत नाही. आईला जे अधिकार असतात त्यातला एकही या दुसऱ्या आईला मिळत नाही. मी भावाला ‘वर जायचं नाही’ म्हणाले असते तर त्यानं ऐकलं असतं का? त्यानं ऐकावं म्हणून मी दोन धपाटे घातले असते तर संध्याकाळी मलाच चार बसले असते. कुठल्या इमारतीत भाड्यानं राहायचं, कोणत्या अगाशीवर पोरांना पाठवायचं, त्या दिवशी खाडा करायचा की नाही, यातलं काहीही तिच्या हातात नसतं. हातात असते फक्त पडल्यानंतरची शिक्षा. आणि ही दुसरी आई बहुतेक वेळा बहीणच असते, भाऊ नसतो, हे का? माझ्या वर्गात घरात थोरले असलेले मुलगे होते. त्यांची धाकटी बहीण पडली तर लोक म्हणायचे, पोरगा आहे, खेळण्यात लागला असेल. त्याच्या खेळण्याला खेळणं म्हणत, माझ्या खेळण्याला दुर्लक्ष म्हटलं गेलं.

‘जबाबदारीनं मुलं घडतात.’ घडतात, जेवढी पेलते तेवढ्या जबाबदारीनं. भावाचं दप्तर धर, त्याचा हात धरून रस्ता ओलांड, त्याला पाढे म्हणायला लाव, यानं मी घडले असेन. पण कठडा नसलेल्या स्लॅबवर मागे मागे चालणाऱ्या मुलाला वाचवणं ही जबाबदारी मोठ्या माणसालाही पेलली नसती. त्याला वाचवायला फक्त एक गोष्ट पुरली असती, ती म्हणजे कमरेइतकी भिंत. राष्ट्रीय इमारत संहितेत गच्चीच्या कठड्याची उंची किमान एक मीटर सांगितली आहे. आठ वर्षांच्या मुलाच्या छातीला तो लागतो. विटांची ती भिंत ज्यानं घातली नाही तो घरमालक दर महिन्याच्या पाच तारखेला भाडं न्यायला येत होता. अपघातानंतरच्या महिन्यातही आला. त्याला कुणी विचारलं का, तुमचं लक्ष कुठे होतं? वडिलांनी त्याला खुर्ची दिली. त्यानं मला बघून मान हलवली.

याच सचिनमध्ये मोठ्यांचे अपघात झाले तेव्हा लोक कसे वागले, तेही मी पाहिलं आहे. ६ जानेवारी २०२२च्या पहाटे औद्योगिक वसाहतीत टँकरमधलं रसायन नाल्यात सोडताना विषारी वायू पसरला आणि सहा कामगार मेले. तेव्हा गावानं विचारलं, टँकर कुणाचा? रसायन कुठून आलं? माणसं पकडली गेली. ६ जुलै २०२४ला पाली गावातली बहुमजली इमारत कोसळून सात जण गेले. तेव्हा विचारलं, इमारत कुणाची, परवानगी कुणाची? गुन्हा नोंदला गेला. मेलेल्यांच्या शेजारी झोपलेल्या माणसाला कुणी विचारलं नाही की तुझं लक्ष कुठे होतं. तसं विचारणं निर्दयपणाचं आहे, हे सगळ्यांना कळत होतं. मग लहान मूल पडलं की हे कळणं जातं कुठे? मोठ्यांच्या अपघातात आपण मालक शोधतो आणि मुलांच्या अपघातात दुसरं मूल शोधतो. ते शोधायला सोपं असतं. भिंतीला टेकून उभंच असतं.

‘आम्हीही असेच वाढलो, आम्हाला काय झालं?’ हे म्हणणारे सगळे वाढलेले असतात, म्हणूनच म्हणू शकतात. जे वाढलेच नाहीत ते या चर्चेला येत नाहीत. शिवाय आम्हा खान्देशी लोकांनी हे विशेष करून म्हणू नये. गावाकडे आमच्या आयांनी भावंडं सांभाळली ती मातीच्या बुटक्या धाब्याच्या घरात, जिथं अंगणात आजी बसलेली असायची, समोरच्या ओट्यावर चुलती निवडायला बसायची, आणि पोर धाब्यावर चढलं की पाच घरांतून हाका यायच्या. ती दहा वर्षांची बहीण एकटी नव्हती. सुरतेला येताना आपण बहीण तेवढी आणली. आजी, चुलती, ओटा आणि बुटकं घर गावीच राहिलं. मग दोन मजल्यांवरच्या उघड्या स्लॅबवर तिला उभं करून म्हणायचं, आमच्या वेळीही असंच होतं?

काहींचं म्हणणं असतं की सगळा दोष चायनीज दोरीचा. नायलॉनच्या दोऱ्यावर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानं २०१७ साली देशभर बंदी घातली, ती योग्यच आहे आणि ती कडकपणे पाळली जायला हवी. गळे कापले जातात त्यानं. पण माझा भाऊ पडला तेव्हा फिरकीत सुती दोरा होता, डबगरवाडातून आणलेला. गच्चीवरून पडायला दोरा कुठला हे लागत नाही. उत्तरायणात उड्डाणपुलांवर दुचाकी बंद होतात, जखमी पक्ष्यांसाठी वनखातं करुणा अभियान चालवतं, १०८वाले जादा गाड्या तयार ठेवतात. हे सगळं व्हावं. माझं मागणं त्याच्या पुढचं आहे : डिसेंबर लागला की कुणीतरी जिना चढून वर जावं आणि कठडा मोजावा. आमच्या गल्लीत गेल्या तीस वर्षांत मी तसं कुणाला चढताना पाहिलेलं नाही.

राहिलं शेवटचं म्हणणं, आईबापांचं. इथं मी एक गोष्ट मान्य करते, आणि एकच. माझ्या आईला त्या रविवारी घरी थांबणं शक्य नव्हतं. बॉबिनवरून नजर काढली तर दोरा तुटायचा आणि पैसे कापले जायचे. वडिलांची नजर संच्यावर, आईची बॉबिनवर, माझी फिरकीवर. १९४८च्या कारखाना कायद्यानुसार तेव्हा तीसपेक्षा जास्त बायका कामाला असतील तिथं पाळणाघर सक्तीचं होतं. आईच्या खात्यात नऊ बायका होत्या. आणि तीसपेक्षा जास्त असत्या तरी ते पाळणाघर सहा वर्षांखालच्या मुलांचं. आठ वर्षांचा मुलगा पाळणाघरात बसत नाही आणि एकटा राहू शकत नाही, त्याच्यासाठी बारा तासांच्या पाळीत कुठलीच सोय नव्हती. आजही नाही. हे मला समजतं, आईच्या जागी स्वतःला ठेवून समजतं. पण आईच्या लाचारीची किंमत मी का भरायची होती? ती मालकाला बोलू शकत नव्हती, घरमालकाला बोलू शकत नव्हती, म्हणून मला बोलली. त्या घरात तिच्यापेक्षा कमी ताकदीची मी एकटीच होते.

आणि ‘मनाला काय लावून घ्यायचं’ म्हणणाऱ्यांना एवढंच सांगते. भाऊ पडला, याचं आमच्या नात्यात काही वर्षांत ‘हिनं पाडलं’ झालं. एका कान्यानं झालं. पडला आणि पाडला, मधे फक्त तेवढंच आहे. मामाच्या घरी, लग्नात, बारशाला, कुणी भावाचा वाकडा हात बघितला की दुसरा कुणी हसत माझ्याकडे बोट करायचा. त्याच्या हळदीला कोपरावर हळद लावताना आत्यानं तेच केलं. तो म्हणाला, ‘आत्या, मीच मागे गेलो होतो.’ सगळे हसले आणि पुन्हा तेच म्हणाले. त्याचं हाड सहा आठवड्यांत जुळलं होतं. मी कॉलेजला जाईपर्यंत दर हिवाळ्यात आभाळात पहिला पतंग दिसला की घरात जाऊन बसायचे. माझी चूक होती असं मी वीस वर्षं मानलं. मोठ्यांनी विचारलेला प्रश्न मुलं प्रश्न म्हणून ऐकत नाहीत, निकाल म्हणून ऐकतात.

ज्या मोठ्यांनी कठडा घातला नाही, जिन्याला दार लावलं नाही, बारा तासांची पाळी ठरवली, त्या पाळीला मान तुकवली आणि पोरांना त्या स्लॅबवर पाठवलं, त्यांच्यापैकी एकालाही त्या लहान मुलीला हा प्रश्न विचारण्याचा अधिकार नाही. आईला नाही, बापाला नाही, केळी घेऊन आलेल्या शेजारणीला तर नाहीच नाही.

समोरच्या इमारतीत केळी घेऊन गेले त्या दिवशी दारात मी त्या मुलीला विचारलं, भाऊ चढला तेव्हा तू काय करत होतीस? ती बोलली नाही. आत गेली, खाटेखालून फिरकी काढून घेऊन आली आणि माझ्या हातात दिली. हजार वारांचा दोरा असेल. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकसारखा गुंडाळलेला, वेढ्यावर वेढा घट्ट, मधे एक गाठ नाही, कुठे गुंता नाही. मी ती फिरकी दारातल्या बायकांसमोर धरली. एकीनं हातात घेऊन फिरवून पाहिली, मग दुसरीनं. मुलगी भिंतीपासून एक पाऊल पुढे आली होती.